वॉशिंग मशीनला तुमचं लोकेशन कशाला हवं?

कपडे धुणं हे काम तसं सरळ आहे. पाणी घ्यायचं, साबण मिसळायचा, ड्रम फिरवायचा, पिळून काढायचं. यात इंटरनेट कुठेच लागत नाही. तरी हल्ली मशीनच्या खोक्यावर वायफायचं चिन्ह असतं, आत क्यूआर कोड असतो आणि तो स्कॅन केला की वरात निघते: ॲप उतरवा, खातं उघडा, ईमेल द्या, मोबाइल नंबर द्या, लोकेशनची परवानगी द्या. माझ्या घरच्या मशीनवर तर लोकरीच्या कपड्यांचा प्रोग्रॅम बटणांमध्ये नाहीच, तो ॲपमधून डाउनलोड करून मशीनमध्ये भरावा लागतो. म्हणजे स्वेटर धुवायचा तर आधी जन्मतारीख सांगा.

चिडचिड होते ती इथेच. पण बोलणं मात्र 'फोन आपलं ऐकतो म्हणे' यापलीकडे जात नाही आणि खरा प्रकार बाजूला राहतो. म्हणून ही यंत्रं नेमकी काय गोळा करतात, ते कुठे जातं आणि त्यातून कोणाचा फायदा होतो, ते जरा उलगडून सांगते.

लोकेशनपासून सुरुवात करू, कारण यात कंपनीचा दोष वाटतो तेवढा नसतो. नव्या यंत्राला तुमच्या वायफायचा पासवर्ड माहीत नसतो. म्हणून ते थोडा वेळ स्वतःचंच छोटं वायफाय किंवा ब्लूटूथ चालू करतं. फोन त्याला शोधतो आणि घरचा पासवर्ड त्याच्या हवाली करतो. आता गोम अशी, की फोनला आजूबाजूची वायफाय नेटवर्क दिसली की फोन कुठे आहे हेही काढता येतं, कारण कुठला राउटर कुठे आहे याच्या मोठमोठ्या याद्या तयार आहेत. त्यामुळे २०१५ साली आलेल्या अँड्रॉइड ६ पासून असं शोधकाम करणाऱ्या ॲपला लोकेशनची परवानगी मागावी लागू लागली. हेतू चांगला होता: शोधाच्या आडून जागा कळू शकते, तर ते माणसाला सरळ सांगा. पुढे अँड्रॉइड १२ मध्ये ब्लूटूथसाठी आणि १३ मध्ये वायफायसाठी वेगळी परवानगी आली, तेव्हा नव्या फोनवर लोकेशन न मागताही जोडणी करता येते. तरी कित्येक ॲप्स मागतातच. आणि एकदा जोडणी झाली की ती परवानगी आपण काढून घेऊ शकतो हे कुठलंही ॲप आपणहून सांगत नाही.

मायक्रोफोनच्या परवानगीला मात्र असली सबब नाही. ब्रिटनमधल्या 'व्हिच?' या ग्राहक संस्थेने २०२४ मध्ये तीन एअर फ्रायर तपासले, तर तिन्हींच्या ॲप्सना फोनवर आवाज रेकॉर्ड करण्याची परवानगी हवी होती. तळणीच्या यंत्राला कान कशाला लागतात, याचं पटेल असं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

कंटाळवाणी माहिती सगळ्यात बोलकी

आपली भीती नेहमी चित्रं आणि संभाषणं यांचीच असते. बहुतेक यंत्रं पाठवतात ती माहिती याहून खूप नीरस असते: किती वाजता चालू झालं, किती वेळ चाललं, फ्रिजचं दार कितीदा उघडलं, दिवा कधी मालवला. एकेक नोंद पाहिली तर शून्य किमतीची. सहा महिन्यांच्या नोंदी एकाखाली एक ठेवल्या की घर कधी उठतं, कधी निजतं, कोणत्या दिवशी रिकामं असतं, माणसं वाढली की कमी झाली, सगळं दिसायला लागतं.

आणि हे पाहायला आतला मजकूर वाचावाच लागतो असंही नाही. 'आमची माहिती एन्क्रिप्टेड असते' असं कंपन्या छातीठोकपणे सांगतात आणि ते बहुधा खरंही असतं. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये झोप मोजणारं यंत्र, घरातला कॅमेरा, स्मार्ट स्विच आणि बोलका स्पीकर घेऊन एक साधी गोष्ट तपासली. मजकूर कुलूपबंद असू दे, पण तो किती प्रमाणात आणि कधी बाहेर जातो हे तर दिसतंच ना? तेवढ्यावरूनच माणूस अंथरुणात कधी शिरला, कधी उठला, कॅमेऱ्यापुढे हालचाल कधी झाली, हे त्यांना ओळखता आलं. पाकीट बंद होतं, पण कोणाला, केव्हा, किती जाड पाकीट गेलं, एवढं पुरेसं ठरलं.

शिवाय ही पाकिटं फक्त यंत्र बनवणाऱ्या कंपनीकडेच जातात असं नाही. अमेरिकेतलं नॉर्थईस्टर्न विद्यापीठ आणि लंडनचं इम्पीरियल कॉलेज यांच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ८१ यंत्रं तपासली. त्यांतली ७२ यंत्रं निर्मात्याखेरीज आणखी कोणाशी ना कोणाशी बोलत होती. त्यातले काही जण केवळ सर्व्हर भाड्याने देणारे असतात हे खरं, पण आपल्या घरातून कोणाकोणाकडे काय चाललंय हे आपल्याला सांगायला कोणी येत नाही.

घरातलं सर्वांत चोंबडं यंत्र

माझ्या मते तो मान टीव्हीचा.

स्मार्ट टीव्हीत एसीआर नावाची एक व्यवस्था असते, म्हणजे ऑटोमॅटिक कंटेंट रेकग्निशन: पडद्यावर काय चाललंय ते आपोआप ओळखणं. टीव्ही ठरावीक काळाने पडद्यावरच्या चित्राचा किंवा आवाजाचा नमुना घेतो. त्यावरून आकड्यांचा एक छोटा ठसा बनवतो आणि असे ठसे गठ्ठ्याने सर्व्हरकडे पाठवतो. तिकडे असंख्य कार्यक्रमांचे, सिनेमांचे आणि जाहिरातींचे ठसे आधीच साठवलेले असतात. जुळणी झाली की नोंद पक्की: या घरात अमुक मालिकेचा अमुक भाग सतराव्या मिनिटापर्यंत पाहिला आणि जाहिरात लागताच चॅनेल बदललं.

यातली खोच लक्षात घ्या. ओळख पडद्यावरून होते, त्यामुळे चित्र कुठून आलं याला महत्त्व राहत नाही. २०२४ मध्ये लंडन, माद्रिद आणि कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठांच्या संशोधकांनी सॅमसंग आणि एलजीचे टीव्ही तपासले. एचडीएमआयची वायर लावून टीव्हीचा नुसता मॉनिटर म्हणून वापर केला, तरी एसीआरचं काम चालूच होतं. नमुना घेण्याचा वेग त्यांनी नोंदवलाय तो असा: एलजीमध्ये दर १० मिलिसेकंदांनी, सॅमसंगमध्ये दर ५०० मिलिसेकंदांनी. गंमत म्हणजे नेटफ्लिक्ससारख्या बाहेरच्या ॲप्सवर काही लावलं की हा प्रकार थंडावायचा. बड्या कंपन्यांच्या ॲप्सचा आब राखला जातो, तुमच्या लॅपटॉपचा नाही. त्याच अभ्यासातली चांगली बातमी अशी, की सेटिंगमध्ये जाऊन नकार दिला की एसीआरची वाहतूक खरोखर थांबली.

मग सगळे नकार का देत नाहीत? कारण त्या सेटिंगला स्वतःच्या नावाने कोणी हाक मारत नाही. व्हिझिओ या अमेरिकी कंपनीची गोष्ट यासाठी वाचण्यासारखी आहे. तिच्या टीव्हीत या व्यवस्थेचं नाव 'स्मार्ट इंटरॅक्टिव्हिटी' असं होतं आणि खाली खुलासा होता, की यामुळे कार्यक्रमांविषयी ऑफर आणि सूचना मिळतील. प्रत्यक्षात १ कोटी १० लाख टीव्हींमधून सेकंदासेकंदाची माहिती गोळा केली जात होती. तिला वय, लिंग, उत्पन्न, वैवाहिक स्थिती असल्या गोष्टी जोडून ती इतरांना विकली जात होती. ग्राहकांच्या हिताकडे पाहणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने खटला भरला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये कंपनीने २२ लाख डॉलर भरून तो मिटवला. भागाकार करून पाहा, टीव्हीमागे २० सेंट पडतात. एवढ्याने कोणाला जरब बसणार?

'पण टीव्हीला माझं वय आणि उत्पन्न कसं कळतं?' हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. टीव्हीला कळत नाही. घरातली सगळी यंत्रं एकाच राउटरमधून बाहेर पडतात, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला सहसा सगळ्यांचा एकच आयपी ॲड्रेस, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, दिसतो. त्याच ॲड्रेसवरून तुमच्या फोनने खरेदी केलेली असते, लॅपटॉपवरून कर्जाची चौकशी केलेली असते. माहितीचे दलाल हा धागा पकडतात आणि टीव्हीची नोंद तुमच्या घराच्या उरलेल्या नोंदींना नेऊन बांधतात. यंत्र एकटं बावळट असलं तरी चालतं, सोबतीला इतर असतात.

इथे एक जुनी हकिगत आठवते. १९८७ साली रॉबर्ट बोर्क यांचं नाव अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टासाठी पुढे आलं, तेव्हा त्यांनी भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटची यादी एका वर्तमानपत्राने छापली. यादीत वावगं असं काहीच नव्हतं. तरी गदारोळ एवढा झाला, की १९८८ मध्ये कोणी कोणती कॅसेट नेली हे परवानगीशिवाय उघड करण्याविरुद्ध कायदाच झाला. तेव्हा एका दुकानातली एक यादी फुटली तर लोक खवळले होते.

कान आणि डोळे

बोलक्या स्पीकरबद्दल समज असा आहे, की तो चोवीस तास सगळं बोलणं वर पाठवत असतो. तसं नसतं. तो सतत ऐकतो हे खरं, पण शेवटच्या काही क्षणांचा आवाज स्वतःजवळच ठेवून त्यात 'ओके गुगल'सारखी ठरलेली हाक शोधत राहतो, आणि हाक सापडली की पुढचं पाठवतो. घोटाळा होतो तो हाक मारलेली नसताना मारल्यासारखं वाटतं तेव्हा. बेल्जियमच्या व्हीआरटी या सार्वजनिक वाहिनीला २०१९ मध्ये गुगल असिस्टंटच्या हजाराहून अधिक ध्वनिफिती मिळाल्या. त्यांतल्या १५३ मुळात रेकॉर्ड व्हायलाच नको होत्या: पलंगावरच्या गप्पा, भांडणं, कामाचे फोन. या फिती ऐकायला माणसं बसवलेली होती, कारण यंत्राला भाषा शिकवायची तर त्याने बरोबर ऐकलं की नाही हे कोणीतरी तपासावं लागतं. कंपनीने ते मान्य केलं आणि एकूण ध्वनिफितींपैकी सुमारे ०.२ टक्केच माणसं ऐकतात असं सांगितलं.

हे 'कोणीतरी तपासावं लागतं' फार महत्त्वाचं आहे. घरातला हॅकर आपल्याला सहज डोळ्यांपुढे येतो. पण कित्येकदा माहिती फुटते ती रोजच्या, कायदेशीर, पगारी वाटेवर. फरशी झाडणारा रोबो घ्या. समोर खुर्ची आहे की बूट हे त्याला कळावं म्हणून फोटोंवर माणसांकडून खुणा करून घेतात. आयरोबोट कंपनीच्या चाचणीच्या रोबोंनी २०२० मध्ये काढलेले फोटो असेच खुणा करणाऱ्या कंत्राटी कामगारांपर्यंत गेले. तिथून काही थेट समाजमाध्यमांवर पोहोचले. त्यात शौचालयात बसलेल्या एका स्त्रीचाही फोटो होता. एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यूने डिसेंबर २०२२ मध्ये हे उघड केलं. कंपनीचं म्हणणं होतं, की हे विक्रीचे रोबो नव्हते आणि घरातल्या लोकांनी लेखी संमती दिली होती. असेल. पण हा फोटो हजारो मैलांवरचा एक कामगार मोठा करून पाहणार आहे, असं त्या संमतिपत्राच्या कुठल्या ओळीत लिहिलं होतं?

दाराच्या बेलचे आणि घरातले कॅमेरे विकणाऱ्या रिंग कंपनीवर तर, कर्मचाऱ्यांना ग्राहकांचे व्हिडिओ मोकाट पाहू दिले असा ठपका आला. २०२३ मध्ये ५८ लाख डॉलरवर ते मिटलं. हॅकरही अर्थात आहेतच. २०२४ मध्ये अमेरिकेत इकोव्हॅक्स कंपनीचे फरशी झाडणारे काही रोबो कोणीतरी ताब्यात घेतले आणि त्यांच्याच स्पीकरमधून घरच्यांना शिव्या घातल्या. शिव्या दिल्या म्हणून कळलं तरी.

धंदा कशाचा

एकदा विकलेला फ्रिज दहा-पंधरा वर्षं कंपनीला परत काहीच देत नाही. दुकानातली चढाओढ अशी, की टीव्हीवर नफा जेमतेम. तेव्हा विकल्यानंतरही पैसे येत राहतील अशी सोय शोधली गेली आणि ती सोय म्हणजे तुमच्या घरातला तो पडदा. वरच्याच व्हिझिओचे २०२१ च्या तिसऱ्या तिमाहीचे आकडे पाहा: जाहिराती आणि माहितीच्या विभागाचा ढोबळ नफा, टीव्ही विकून झालेल्या नफ्याच्या दुपटीहून जास्त. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये वॉलमार्टने ही कंपनी सुमारे २.३ अब्ज डॉलरला घेतली. किराणा विकणाऱ्याला टीव्ही कशाला हवा, याचं उत्तर त्या नफ्यात आहे. सॅमसंगने २०२५ मध्ये अमेरिकेत आपल्या पडदेवाल्या फ्रिजवर जाहिराती दाखवायला सुरुवात केली. हे फ्रिज लोकांनी रोख मोजून घेतलेले होते, बरं का.

याच हिशेबाची दुसरी बाजू म्हणजे सर्व्हर चालवायला पैसे लागतात, आणि ते परवडेनासे झाले की कंपनी हात झटकते. रिव्हॉल्व्ह नावाचं घर सांभाळणारं ३०० डॉलरचं यंत्र मे २०१६ मध्ये सर्व्हर बंद झाल्याबरोबर निकामी झालं. गुगलच्या नेस्टच्या पहिल्या दोन पिढ्यांच्या थर्मोस्टॅटचा, म्हणजे घराचं तापमान राखणाऱ्या यंत्रांचा, आधार २५ ऑक्टोबर २०२५ ला काढून घेतला गेला. भिंतीवर ते चालतात, ॲपमधून नाही. यात खासगीपणाचा प्रश्नही येतो, कारण सुरक्षेची डागडुजी थांबलेलं पण वायफायला चिकटलेलं यंत्र ही उघडी खिडकीच. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमच्या हल्ल्यात कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच राहिलेले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेऊन मोठमोठ्या वेबसाइट्स पाडल्या होत्या. मालकांना पत्ताही नव्हता. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून असे सरसकट सारखे पासवर्ड देण्यावर बंदी घातली आणि सुरक्षा-अपडेट किती काळ मिळतील हे जाहीर करणं सक्तीचं केलं. उशिरा का होईना, शहाणपण आलं.

मग करायचं काय

सगळ्यात परिणामकारक उपाय फुकट आहे: वायफायचा पासवर्ड देऊच नका. मशीन, फ्रिज, ओव्हन, एसी, बहुतेक यंत्रं त्यावाचून व्यवस्थित चालतात. सुरुवातीच्या पडद्यावर 'नंतर' किंवा 'वगळा' हा पर्याय फिक्या करड्या अक्षरांत कोपऱ्यात असतो, तो शोधा. धुणं झाल्याचा मेसेज येणार नाही, पण मशीन शिट्टी मारतंच. विकत घेण्याआधी दुकानदाराला एकच विचारा, इंटरनेट बंद असताना याचं काय काय चालत नाही? उत्तर देताना तो अडखळला तर दुसरं मॉडेल बघा.

टीव्हीच्या बाबतीत एलजीमध्ये 'लाइव्ह प्लस' आणि सॅमसंगमध्ये 'व्ह्यूइंग इन्फॉर्मेशन सर्व्हिसेस' या नावांनी एसीआर दडलेलं असतं, ते बंद करा. मोठा अपडेट आला की पुन्हा एकदा डोकावून या. टीव्हीला इंटरनेटच न देता सिनेमे-मालिका दाखवणारी वेगळी स्ट्रीमिंग स्टिक लावणं हाही मार्ग आहे. पण तीही साधुसंत नाही, तिच्यावरच्या ॲप्समध्येही पाळत ठेवणारे असतातच. फायदा एवढाच, की स्टिक हवी तेव्हा उपटून फेकता येते.

राउटरवर 'गेस्ट नेटवर्क' काढून यंत्रं तिकडे टाका, असा सल्ला सर्रास दिला जातो. चांगला सल्ला आहे, फक्त त्याने काय होतं ते नीट समजून घ्या. एखादं यंत्र हॅक झालं तर ते तुमच्या लॅपटॉपपर्यंत पोहोचू नये, यासाठी ही भिंत उपयोगी. यंत्राने कंपनीला पाठवायची माहिती मात्र त्याच भिंतीआडून खुशाल जात राहते. पाय-होलसारखी व्यवस्था बसवून पाळतीचे पत्ते अडवता येतात, पण काही यंत्रं स्वतःचाच पत्तेशोधक (डीएनएस) घेऊन येतात आणि तिला बगल देतात.

ज्यांना दिवे, पंखे, पडदे खरोखरच फोनवरून चालवायचे आहेत त्यांनी नाराज व्हायचं कारण नाही. होम असिस्टंट ही खुली, मोफत प्रणाली घरातल्याच एका छोट्या कॉम्प्युटरवर चालते. झिगबी किंवा मॅटर या आपसात बोलण्याच्या पद्धती वापरणारी यंत्रं कंपनीच्या सर्व्हरपर्यंत न जाता घरातल्या घरात तिच्याशी बोलू शकतात. बसवायला डोकं आणि एखादा रविवार लागतो. मी ते करून बसले आहे आणि दिवा दाबल्याक्षणी लागतो, आधी क्लाउडला विचारून येत नाही.

सेटिंगवर फार विसंबू मात्र नका, कारण त्यांचा मालक कोणी दुसरा असतो. अॅमेझॉनच्या इको या बोलक्या स्पीकरच्या काही मॉडेलवर आवाज सर्व्हरकडे न पाठवण्याचा पर्याय होता. २८ मार्च २०२५ पासून कंपनीने तो काढून टाकला. यंत्र तेच, घर तेच, अट नवी.

आणि जुनं यंत्र विकताना किंवा कोणाला देताना 'फॅक्टरी रिसेट' केल्यावाचून हलवू नका. नॉर्थईस्टर्नच्याच संशोधकांनी सेकंडहँड बाजारातून ८६ इको डॉट विकत घेतले, तर त्यांतले ६१ टक्के रिसेटच केलेले नव्हते. जुन्या मालकाच्या वायफायचे पासवर्ड आत जसेच्या तसे. रिसेट केलेल्यांच्याही चिपमधून बरंच काही परत काढता आलं, कारण मेमरी चिप जुनं लगेच पुसत नाही, बाजूला ठेवते. म्हणून रिसेटनंतर घरच्या वायफायचा पासवर्डही बदलून टाका, ॲपमधल्या खात्यातून ते यंत्र काढा, आणि खातंही नको असेल तर ते बंद करण्याची मागणी लेखी करा. नुसतं ॲप काढून टाकलं तर फोनवरची जागा तेवढी मोकळी होते. सर्व्हरवरच्या नोंदी तिथेच राहतात.